कासारीकाठचा वटवट्या

एस्टोनियात एक नदी आहे, तिचंही नाव कासारी.
समुद्राला मिळता मिळता ती बोरूच्या रानात हरवते.
तिथं लेइडा तिस्लर अडतीस वर्षं
पाखरांच्या पायांत कडी भरते.
म्हटलं तर कासारणीचाच धंदा;
पैसे कुणी देत नाही,
हात मात्र तसाच हलका लागतो.

लाल कड्याचा वटवट्या यंदाही आलाय,
आफ्रिकेहून, त्याच वळणावर.
सातवा उन्हाळा.

पहिल्या वर्षी अडखळायचा,
शेजाऱ्याची ओळ उचलून मध्येच विसरायचा,
नव्या सायकलवरचं पोरगं जसं,
घंटी फार, तोल कमी.
तिसऱ्या वर्षी मात्र
कर्र कर्र, किट किट, कर्र कर्र
एकाच साच्यातून काढलेले तुकडे.
वाऱ्यानं बोरू वाकला तरी सूर वाकत नसे.

यंदा लेइडाला वाटलं,
वरची बारीक शीळ तो गाळतोय.
मग वाटलं, आपलेच कान.
डॉक्टर म्हणाला होता,
आधी रातकिडे जातील, मग किटलीची शिट्टी.
रातकिडे गेलेत.

घरी दोन्ही आलेख तिनं शेजारी लावले.
शीळ होती.
थोडी थरथरती, पण होती.
तुकड्यांमधली पांढरी जागा तेवढी रुंदावलेली.
आणि शेवटी ती ओळ,
वाहून गेलेल्या त्या शेजाऱ्याची,
जी आता अख्ख्या नदीवर
दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही.

सकाळी तानेलनं
पलीकडच्या तरण्या नराच्या हद्दीत कर्णा ठेवला.
तिसऱ्या वर्षीचं गाणं लावलं:
तरणा पिसं फुलवून आला,
कर्ण्याच्या जाळीवर चोची मारत राहिला.
यंदाचं लावलं:
एकदा मान वळवून बघितलं,
आणि चोचीतला चतुर गिळायला लागला.

तानेल हसला.
लेइडानं रकान्यात शून्य लिहिलं,
मग ते उगाच पुन्हा गिरवलं.

जूनमध्ये इथं रात्र नुसती पापणी लववते.
तीन वाजता ती होडीत एकटी,
थर्मासचं झाकण गुडघ्यावर.
तो गात होता.
मग त्यानं एवढी मोठी जागा सोडली
की तिला वाटलं संपलं,
तिनं वल्ह्याला हात घातला,
झाकण कलंडलं, कॉफी सांडली

कर्र.