शेवटच्या खुर्चीपासून

एकोणीस वर्षं या वीज शाखेच्या बैठकांचं
इतिवृत्त मी लिहितो आहे.
रजिस्टर सातवं. पुठ्ठ्याला वाळवी,
आत दर सोमवारी तेच वाक्य :
'विषयांवर सविस्तर चर्चा झाली.'
झाली नव्हती.
झाला होता चहा, झाली होती थकबाकी,
गावनिहाय, ग्राहकनिहाय, साहेबांच्या आवाजात,
दहापासून साडेबारापर्यंत,
आणि वायरमन भिंतीला टेकून,
थप्पीला लावलेल्या धानाच्या पोत्यांसारखे.
कुणी तोंड उघडलंच तर साहेब म्हणायचे, 'नोंद घ्या.'
मी घ्यायचो.

दिवाळीनंतर वालदे मॅडम रुजू झाल्या.
स्कुटीच्या डिक्कीत रबरी हातमोजे, चाचणीचा दिवा.
पहिल्याच सोमवारी थकबाकीचा कागद फळ्याला टाचला,
'वाचता येतं ना सगळ्यांना?
मग ऐकायचं कशाला?'
मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
माझं पेन उघडंच राहिलं.

पुढच्या बैठकीचा कागद शनिवारीच आला,
अर्धाच, तीन ओळींचा.
'देखभाल' वगैरे नाही.
'मंगळवारी चिचटोल्याची लाइन बंद कोण करणार,
आणि बंद झाली हे तपासणार कोण?'
नाकाडे कुरकुरला, 'हे बैठक होय का परीक्षा?'

आणि बोलायचं शेवटच्या खुर्चीपासून.
मॅडम सगळ्यात शेवटी.

खुर्च्या अकरा, माणसं बारा,
म्हणून शेवटची खुर्ची म्हणजे दारातला केबलचा रिकामा ड्रम,
त्यावर इस्तारी पंधरे.
माझ्या सात रजिस्टरांत त्याची फक्त सही आहे.

तो गप्प.
वीज कचेरीतच वीज गेलेली, पंखा थांबलेला,
टेबलावरच्या घड्याळाचा आवाज दारापर्यंत.
बिसेन मदतीला तोंड उघडणार,
मॅडमनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला.
एवढंच.
बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, पूर्ण गेली.

मग इस्तारी म्हणाला,
'मोहरणी फाट्याजवळचा स्विच हाय ना जी,
त्याचं तिसरं पातं सुटत नाही.
दांडा खाली येते. बंद दिसते.
पण एक तार जित्तीच राह्यते.'

'कधीपासून?'
'पोयाच्या आंधीपासून.'
'सांगितलं नाही कुणाला?'

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी रजिस्टरकडे.
सांगितलं होतं. भाद्रपदात, बैठक उठताना,
चपला शोधता शोधता.
पान एकशे बेचाळीस, इतर विषय :
'किरकोळ दुरुस्तीबाबत चर्चा झाली.'
अक्षर माझंच, वळणदार.

मंगळवारच्या परवानगीवर नाव होतं नाकाडेचं.
त्याने अर्धा कप खाली ठेवला
आणि बराच वेळ आपले हात बघत बसला.

उरलेले दोन विषय मॅडमनी पुढच्या सोमवारवर ढकलले.
'आज दोन वाजता. बिसेन, पंधरे आणि मी.
अर्थिंगचा रॉड घ्या. तोपर्यंत त्या खांबावर कुणी चढायचं नाही.'
घड्याळ मनगटावर गेलं.
सव्वीस मिनिटं.
मी लिहिलं : नाव, वेळ, खांब क्रमांक,
एकाच ओळीत.
'सविस्तर' हा शब्द लिहायला जागा उरली नाही.

पावणेचारला फोन आला. तिन्ही पाती सुटली.

एकशे बेचाळीसवं पान खोडता येत नाही,
सरकारी रजिस्टर आहे.
पुढच्या सोमवारी मी घरून एक खुर्ची आणली,
लाकडी, हाताची, पुसून ठेवली दाराजवळ.
इस्तारीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
'ड्रमच बरा जी,' म्हणाला,
'पाय लांबवता येते.'

खुर्चीवर आता मॅडमची पिशवी असते.
बोलणं अजून ड्रमपासूनच सुरू होतं.