नऊ नंबर

युद्धात काय केलंत विचारलं
तर वडील म्हणायचे, "दाढ्या केल्या."

एकाहत्तरचा डिसेंबर. खडकीला रात्री गाडी लागायची.
स्ट्रेचर, बेडपॅन, पू,
आणि पोस्टकार्डं:
हात गेलेल्या कितीजणांचं अक्षर
मार्तंड झेंडे, वॉर्ड शिपाई, यांचं.

सहा नंबरात यल्लाप्पाला डावा पाय नव्हता,
शेजारच्या हरभजनला उजवा.
लाकडी पाय दोघांनाही सोसला नाही.
बुटाचा नंबर मात्र दोघांचा नऊ.

म्हणून दर दिवाळीआधी
कॅम्पातल्या दुकानातून एक जोड, काळा, नाडीचा,
आणि पार्सलं दोन.
घोरपडी पोस्टातला कारकून हसायचा,
"झेंडे, दुसरा राहिला की!"
"तो पंजाबला."

यंदा डावा परत आला.
वर लाल शाईत: घेणारा वारला.

वडिलांनी सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली.
बुटाला पॉलिश केलं, नाडी ओवली,
पलंगाखाली सरकवला,
आणि कुणी झोपलेलं नसताना
चादरीचे चारही कोपरे
वॉर्डातल्यासारखे
घट्ट खोचले.

गडहिंग्लजहून
उजव्याची पोच
अजून यायची आहे.