बारा आण्यांचा मसाला

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
कोयाक्काच्या दुकानात मी यंत्रं उघडतो. एकोणीस वर्षं.
इथली वाळू किती बारीक असते ते मला विचारा.
खिडकीत थांबत नाही ती,
पंख्याच्या पात्यांवर पिठासारखी बसते
आणि खेळाचं खोकं दमेकऱ्यासारखं घरघरायला लागतं.
पस्तीस दिरहम. काढून देतो.

गिऱ्हाईक म्हणतं, केवढं महाग खोकं!
मी म्हणतो, खोकं स्वस्तच आहे हो,
विकताना कंपनी म्हणे खिशातले घालते.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला
असं बाणकोटला आई म्हणायची,
शेजारणीच्या साडीवरच्या खर्चाला हसत.
तिची ती थट्टा होती.
इथे कुणीतरी त्याचा हिशेब मांडला:
कोंबडी पडेल भावात घराघरात सोडा,
मसाला महिन्याच्या महिन्याला,
कार्डावरून परस्पर, माणूस झोपेत असताना.

फोनच्या डब्यातून चार्जर गेला
तेव्हा म्हणाले, पृथ्वीसाठी.
पृथ्वी काही आमच्या दुकानात आली नाही.
चार्जर घ्यायला तुम्हीच आलात.

मला विचाराल तर चकती होती तेच बरं होतं.
एक चकती अख्खी बिल्डिंग फिरायची,
तिसऱ्या मजल्यावरच्या सुदानी पोरांकडून
मारिसेल नर्सच्या भावाकडे,
तिथून ओरखडे घेऊन माझ्याकडे.
मी टूथपेस्टनं घासून द्यायचो,
चालली तर चहा, नाही तर शिव्या.
आता ती फटच बुजवलीय.
गुळगुळीत पाठ. हात फिरवून बघा,
उसनं द्यायला कुठे जागाच नाही.

परवा वाघधरे आले, अल नहदाहून,
एसी कंपनीत स्टोअरकीपर होते.
कपाट विकलं, गाद्या विकल्या, बाकीचं कार्गोला दिलं,
उरलं मुलाचं खोकं, टॉवेलात गुंडाळलेलं.
मुलगा पुण्यात, नोकरीत, त्याला नको.
म्हणाले, आत त्रेसष्ट गेम आहेत,
मोजून घ्या, त्याप्रमाणे बोला.

कसं सांगायचं.
गेम खोक्यात नसतात काका, खात्यात असतात,
आणि खातं विकता येत नाही.
ना नावावर करता येतं, ना मागे ठेवता येतं.
‘मग आम्ही घेतलं काय इतकी वर्षं?’
वापरायची परवानगी, मी म्हणालो,
कंपनीची मर्जी असेपर्यंत.

थोडा वेळ ते काउंटरवरच्या काचेखालच्या
केबलींकडे बघत राहिले.
मग पाकिटातून ओळखपत्र काढलं,
मुदतीची तारीख वर येईल असं ठेवलं.
‘चोवीस वर्षं,’ म्हणाले, ‘मीपण हेच घेत होतो.’
आणि हसले. मला हसावं की नाही कळेना.
कोयाक्का आतून ओरडला, साडेतीनशेच्या वर जाऊ नको.

पुसण्याआधी चालू करून बघावं लागतं.
पडद्यावर शेत आलं, एक घर,
अंगणात टोपीवाला पोरगा
जिथे सोडला होता तिथेच,
एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.
वाघधऱ्यांना त्यातलं काही येत नव्हतं.
रिमोट हातात घेतला, बटण दाबलं नाही.
‘हा कधीपासून उभाय असा?’
चार वर्षं झाली असतील, मी म्हणालो,
बॅटरीचं नाही त्याला, बसायची सवय नाही.

मग तेच म्हणाले, पुसा.

पुसायला दोन मिनिटं लागतात. त्यांनी चारशे मागितले,
मी चारशे दिले.
टॉवेल त्यांनी घडी घालून परत नेला.

रात्री खोकं उघडलं. चिमूट दोन चिमूट नाही,
मूठभर वाळू निघाली.
तिचे पस्तीस मी कापले नव्हते.
कोयाक्काला सांगू नका.