जॉब आणि वर्क

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
फळ्यावर दोन शब्द लिहिले,
मधे उभी रेघ ओढली
आणि दरवर्षीचं सुरू केलं:
जॉब मोजता येतो, एक जॉब, दोन जॉब.
वर्क मोजत नाहीत, ते पाण्यासारखं.
जॉबला पगार असतो.
वर्कला असेलच असं नाही.

पोरांनी उतरून घेतलं.

मागच्या बाकावर बाबगोंडा कळंत्रे, वय एकोणसाठ,
मेलबर्नच्या नातीशी बोलता यावं म्हणून आलेले.
नखांत जुनं ग्रीस. फी रोख.
हात वर केला.
“बाई, हे काय पटंना.
उद्यमनगरात जॉब म्हंजे लोखंड.
चकात आवळतोय न्हवं, त्यो.
लावताना गार, काढताना चटका देतोय.
आन पगार त्येला न्हाई, मला हुता.”

वर्ग हसला.
मी विचारलं, “मग वर्क?”

अंगठा तर्जनीवर फिरवत बसले,
दोन बोटांत काही मायक्रॉनचं
चाचपत असल्यासारखे.
“जॉबवरनं जे निघून गेलं, त्ये.
खाली किस पडतोय बघा, गुंडाळ्या गुंडाळ्या.
सांजच्याला झाडून पोत्यात भरायचा,
भंगारवाला किलोवर न्हेतोय.”

मग भुवईवरची खूण दाखवली.
“नीट आवळला न्हाई तर जॉब उडतोय.
एकदा ह्यो हितं बसला, सात टाकं.
मालकानं सीएनसी आणली, तवा दुसऱ्यांदा उडला.
त्यो कुठं लागला
डाक्टरला अजून घावंना.”

या वेळी कोणी हसलं नाही.
मला सांगता आलं असतं
की अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे,
मे महिन्यात माझ्या नावापुढे काहीच नसतं.
पण रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचं ते?
म्हटलं, “उदाहरणं घरून करून आणा.”

सगळे गेले. फळा पुसला.
खडूचा चुरा पदरावर, चपलांवर, फरशीवर.
हा कोणी किलोवर नेत नाही.

जिन्यात कळंत्रे थांबलेले,
गुडघा धरून, एकेक पायरी.
“सोमवारी कुठलं शब्द, बाई?”
“मेक आणि डू.”
“म्हंजे?”
“करणं.”
“आन दुसरा?”
“तेही करणंच.”

दोन पायऱ्या उतरले.
“मग दोन कशाला केल्यात त्येंनी?”