कुंपणातली फट

तोरणमाळच्या विश्रामगृहाच्या बागेचा आराखडा
मी धुळ्यात बसून काढला,
पंख्याखाली, भर वैशाखात.
कागदाला उतार नसतो.
त्यावर असतात हिरव्या पेन्सिलीची वर्तुळं,
इथे डेलिया, इथे शेवंती, मध्ये हिरवळ,
आणि सभोवार ड्युरांटाचं सलग कुंपण,
कमरेइतकं, शिस्तीत कातरलेलं.

गेमा पावरा रोजंदारीवर माळी.
त्यानं खड्डे घेतले, शेणखत भरलं,
तांबड्या मातीतले दगड वेचून
वाफ्यांना बांध घातले, न सांगता.
कुंपणही लावलं.
फक्त खालच्या अंगाला, दरीकडे,
माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट ठेवली.

मी विचारलं, रोपं कमी पडली?
नाही, बारा उरली.
मग लाव की.
त्यानं लावली.
वाद घालायचा दिवस त्याच्या हजेरीत धरला जात नव्हता.

पावसाळाभर धुकं खिडकीतून आत येऊन
रजिस्टरवर बसायचं.
पानं ओली, काडेपेटी ओली,
गोगलगायींनी झेंडूची एक अख्खी रांग संपवली.
ड्युरांटा मात्र असा फोफावला
की पुढच्या दौऱ्यात मी साहेबांना
कुंपणाच्या बाजूनं फिरवलं.
डेलिया दिवाळीत फुलले, ताटाएवढे.

मग मार्गशीर्षातली ती रात्र.
वारा पडलेला, आभाळ घासल्यासारखं स्वच्छ.
पहाटे जीपच्या टपावर
कुणी खडेमीठ पसरल्यागत पांढरं.
शिरपूरहून आलेलं कुटुंब
ते नखानं खरवडून मुलांना चाटवत होतं,
फोटो काढत होतं, ओरडत होतं, बर्फ! बर्फ!
आणि मी वाफ्यापाशी उभा.
डेलिया उकडलेल्या पालकासारखे
आपल्याच देठांवर लोंबलेले.
शेवंती काळी.
कुंपणाच्या आतलं सगळं.

बाहेर, दहा पावलांवर,
गेमानं उरलेलं बी सहज फेकलेलं होतं तिथे,
झेंडू पिवळाजर्द उभा.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो.
घर खोलगट जागेत नाही, टेकाडाच्या पाठीवर.
मागच्या परसात वाल, मिरची, भिंतीला पाठ लावून एक पपई,
सगळं जिवंत.
दगडी गडगा, पण खालच्या टोकाला उघडा.
रायकूनं बिनदुधाचा चहा दिला,
आणि गेमा, जसं पाटाच्या पाण्याबद्दल बोलावं तसं,
म्हणाला,
थंडी रात्री वरून उतरते, साहेब.
पाण्यासारखीच, पण आवाज करत नाही.
वाट असली की जाते दरीत.
अडवली, तर मुक्काम करते.

एवढंच.
"मी सांगितलं होतं" हे त्यानं म्हटलं नाही,
कारण सांगितलं नव्हतंच.
दाखवलं होतं,
आणि मी ते बुजवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी
बारा झुडपं मुळांसकट काढली.
हाताला काटे माझ्या जास्त लागले.
ती त्यानं आपल्या गडग्याबाहेर नेऊन लावली.
शेळ्या ड्युरांटाला तोंड लावत नाहीत.
त्यांना माझ्या आधी कळलेलं होतं
हे झाड कशाच्या कामाचं ते.

आता तिथे रात्री काही दिसत नाही.
पौषात मी एकदा कंदील घेऊन फटीपाशी उभा राहिलो,
पायाच्या घोट्यांवरून काहीतरी गार,
संथ, दरीकडे निघालेलं.
मी बाजूला झालो.

विश्रामगृहाच्या अभिप्राय वहीत
जळगावच्या कुणी सुवाच्य अक्षरात लिहिलंय:
खोल्या स्वच्छ. जेवण बरं.
बागेचं कुंपण एका बाजूला तुटलं आहे,
त्वरित दुरुस्त करावं.

शेवटच्या रकान्यात माझी सही आहे, तारीख आहे,
आणि शेरा:
पाहिलं. असू द्यावं.