शुद्धिपत्र

डुलुथमध्ये, न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
ऑर्विल टँगेनने मासिक काढलं,
खऱ्या गुन्ह्यांचं, पस्तीस सेंटला एक.
मी मुद्रितं तपासायचे.
जखमांच्या वर्णनातले स्वल्पविराम माझ्याकडे.

पहिल्या वर्षी दोनशे वर्गणीदार,
निम्मे त्याचे नातेवाईक, उरलेले पोलीस.
मग सरोवराचा काठ गोठायच्या आधीच्या आठवड्यात
मार्लिस ब्रेक्के चर्चमधल्या गाण्याच्या सरावाहून
घरी पोचली नाही.

मुखपृष्ठावर तिचा शाळेतला फोटो,
पुढच्या दाताचा टवका उडालेला.
अकरा हजार प्रती.
डिसेंबरात वीस.
टपालवाल्यांनी आमच्यासाठी वेगळी हातगाडी ठेवली.

लोक लिहायचे, बाप रे, किती लिहायचे!
विस्कॉन्सिनमधली एका दंतवैद्याची बायको नकाशे पाठवायची,
टोचलेल्या टाचण्यांसकट.
तुरुंगातून एक जण अंदाज कळवायचा,
धंद्यातला माणूस म्हणून.
कुणी आपलं स्वप्न पाठवलं,
ऑर्विलने तेही छापलं, चौकटीत.
माणसं चांगली होती. हे सांगायलाच हवं.
रात्र रात्र जागून
परक्याच्या मुलीसाठी बसच्या वेळा जुळवणाऱ्यांना
वाईट कसं म्हणू?

मार्चच्या अंकात आम्ही माणूस शोधून काढला.
आर्वो किन्नुनेन. धान्याच्या धक्क्यावर हमाल,
एकटा राहणारा,
त्याच्या सॉनातून रात्री उशिरा धूर.
एवढंच. पण ओळीखाली ओळ ठेवत गेलं
की धुराला वास येऊ लागतो.
"आपण म्हणत नाही," ऑर्विल म्हणाला, "आपण विचारतो."
आणि शेवटी प्रश्नचिन्ह घातलं.
ते मी तपासलं. बरोबर होतं.

चाळीस हजार!
कुलपांच्या जाहिराती, राखणीच्या कुत्र्यांच्या,
मागच्या पानावर डीप फ्रीझर.
न्हाव्याने गाशा गुंडाळला, खालचं दुकानही आमचं झालं.
किन्नुनेनच्या खिडक्या दोनदा फुटल्या.
तिसऱ्यांदा त्याने काच बसवलीच नाही, फळ्या ठोकल्या.
त्या फळ्यांचा आम्ही फोटो छापला:
काय लपवतोय?

सहाव्या वर्षी आयोवात एक ट्रकवाला
भलत्याच गुन्ह्यात सापडला
आणि जेवता जेवता, मीठ मागावं तसं,
मार्लिसचं नाव सांगून बसला.
आम्ही विशेषांक काढला, चौसष्ट पानी.
किन्नुनेनचा त्यात उल्लेख नव्हता.
जागा नव्हती.

त्यानंतर फुगा फुटल्यासारखं काही झालं नाही.
पाणी ओसरत गेलं, दगड दिसू लागले.
टीव्हीवर रोज रात्री नवं प्रेत, तेही फुकट.
दंतवैद्याची बायको वारली,
नवऱ्याने नकाशे परत मागितले.
आम्हाला सगळे सापडले नाहीत.
कुलपं अर्ध्या पानावर आली, मग पाव पानावर,
मग एकदा बिल भरल्यावाचूनच गेली.

शेवटची पत्त्यांची यादी मी टाइप केली. तीनशे बारा.
त्यात ते नाव.
मार्चच्या त्या अंकापासून दरवर्षी मनीऑर्डर,
एकदाही खंड नाही.
दर महिन्याला अंक उघडत असेल,
आधी आतली पानं, मग शेवटचं,
मग सावकाश फ्रीझरच्या जाहिरातीखालची बारीक अक्षरं.

मी तीन ओळी लिहिल्या. दुरुस्ती.
ऑर्विलला तोवर दिसत नव्हतं, त्याने नुसतं हं केलं.
तो अंक निघालाच नाही,
छापखान्याची बाकी थकली होती.
मुद्रित घेऊन मीच गेले.

फळ्या अजून तशाच. त्यांना निळा रंग दिलेला.
त्याने पँटला हात पुसले,
उभ्यानेच वाचलं, ओळीवर बोट ठेवून,
पुन्हा वाचलं.
"नाव चुकलंय," तो म्हणाला.
"यात एक न खाल्लात.
तेव्हा बरोबर छापलं होतंत."

मी पर्समध्ये पेन्सिल शोधू लागले.
रुमाल, किल्ल्या, बसचं तिकीट.
आत या, असं तो म्हणाला नाही.
दारही लावलं नाही.