तहकूब

सभेचं इतिवृत्त मी लिहितो, अक्षर बरं म्हणून.
वारज्याच्या टेकडीखाली, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर
विषय क्रमांक सहा:
मागच्या भिंतीलगतचं झाड व त्यावरील अळ्या.

झाड वायवर्णाचं.
वेल्ह्याहून ढेबेमामांनी आणलेलं, ओल्या गोणपाटात,
एसटीत मांडीवर घेऊन.
"साहेब, ह्ये हितलंच हाय.
पाव्हणं ते तुमचं पाम."

पाम सोळा. बिल्डरने दिलेले.
एकाच्याही पानाला भोक नाही.
मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.
आता वाटतं,
ज्या घरी कधी कुणी जेवायला थांबलं नाही
तिथली भांडी अशीच चकचकीत असतात.

वायवर्णाचं मात्र
तीन पानांतलं एक धड,
दुसऱ्याची नुसती शीर,
तिसऱ्यावर, शिरेला चिकटून,
पानाच्याच रंगाची अळी.
बघता बघता हरवणारी.

आठल्येबाई म्हणाल्या, मुलांना खाज सुटेल.
(हिला केसच नाहीत, खाज कुठली.
पण इतिवृत्तात कंस घालता येत नाहीत.)
दुगडांनी फवारणीचे दर आणले होते:
चौदाशे, अधिक कर.

मी पेन खाली ठेवलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
सांगितलं: काल सकाळी सव्वासहा ते साडेसात
शिंप्याच्या एकोणीस खेपा झाल्या,
मोजल्यात, बँकेत जन्म त्यातच गेला.
दर खेपेला चोचीत काहीतरी हिरवं, वळवळणारं.
वायवर्णावरून निघायचा तो थेट दुसऱ्या मजल्यावर,
आठल्येबाईंच्या गॅलरीत,
दोन पानं शिवून केलेल्या घरट्यात.

बाई त्या पिल्लांसाठी आठ दिवस
गॅलरीत कपडे वाळत घालत नाहीत.
सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे,
ओल्या चादरी जिन्यात असतात.

"म्हणजे माझी पिल्लं..."
म्हणाल्या, आणि थांबल्या.
दुगडांनी कागदाची घडी केली,
आणखी एक केली.
वर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गेला.

ठराव: विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
सर्वानुमते.

पुढची सभा गणपतीनंतर.
तोवर अळ्या कोष करतील,
त्यातल्या शिंप्याकडून सुटलेल्या
पांढऱ्या होऊन उडतील, पंखांची टोकं केशरी.
कुठे जातील, टेकडी जाणे.

पंपाच्या खोलीमागे ढेबेमामांनी
आणखी दोन खड्डे खणलेत,
गुडघाभर.
हे कामकाजात नोंदवलेलं नाही.